आठशे ग्रॅमच्या बाळाला लाईन लावताना : एनआयसीयूत नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दर काही महिन्यांनी नव्या सिस्टर येतात. कुणी खंडव्याची, कुणी बऱ्हाणपूरची, कुणी जळगावहून लग्न होऊन इंदुरात आलेली. मराठी बोलणाऱ्या निघाल्या की पहिल्याच चहाला मला ताई म्हणू लागतात आणि दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "ताई, एवढ्याशा हातात सुई घालायची कशी?" मोठ्या माणसांना त्यांनी शेकड्यांनी कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी, आमच्या भाषेत लाईन) लावलेले असतात, तरी ऊब देणाऱ्या वॉर्मरवर ८०० ग्रॅमचं बाळ पाहिलं की हात थबकतो. थबकू द्या. इतक्या वर्षांनंतरही टोचण्याआधी माझा हात क्षणभर थांबतोच.

हे त्या मुलींसाठी आणि नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी लिहिते आहे. हे वाचून कुणी एकट्याने लाईन लावायला जाऊ नये. सुरुवातीला शेजारी जाणतं माणूस हवंच, आणि तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल माझ्या शब्दापेक्षा मोठा.

आधी हिशोब

एवढ्या लहान बाळाकडे वापरता येतील अशा शिरा मोजक्याच असतात. दोन हातांच्या पाठी, दोन पावलं, घोट्याजवळची एक, कोपराच्या आतली, डोक्यावरच्या दोन-चार. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला पुढचे काही आठवडे शिरेतून काही ना काही द्यावं लागणार असतं. चुकलेल्या प्रत्येक टोचणीने एक शीर काही दिवसांसाठी बाद होते. म्हणून "कुठे टोचू?" हा नंतरचा प्रश्न. "काय द्यायचंय आणि किती दिवस?" हा पहिला.

दोन दिवसांचं अँटिबायोटिक आणि १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) एवढंच असेल तर हातावरचा साधा कॅन्युला पुरतो. १२.५ टक्क्यांहून जास्त डेक्स्ट्रोज, डोपामिन किंवा अ‍ॅड्रेनलिनसारखी औषधं, आठवडाभर चालणारं टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण), हे हातापायाच्या बारीक शिरेतून ढकलायचं नाही. त्याला मध्यवर्ती, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लाईन लागते. पहिल्या दिवसांत नाळेतून, पुढे पिक लाईन, म्हणजे हातापायाच्या शिरेतून तिथवर नेलेली लांब, बारीक नळी. म्हणून १५०० ग्रॅमच्या आतलं बाळ आलं की डॉक्टरांना विचारा, "पिकचा विचार आहे का?" असेल तर कोपराच्या आतल्या शिरा आणि घोट्याजवळची लांब शीर यांना हात लावू नका. रक्त काढायलासुद्धा नाही. घाईत कुणीतरी कोपरातून रक्त काढतं आणि चौथ्या दिवशी पिक घालायला बसलेल्या डॉक्टरांना दोन्ही कोपर निळे-काळे दिसतात. असं मी कितीदा पाहिलं आहे.

आकडेही डोक्यात असू द्या. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते १०० मिली रक्त असतं. म्हणजे ८०० ग्रॅमच्या बाळात जेमतेम ७० मिली, टपरीवरच्या छोट्या ग्लासातल्या चहाएवढं. कापसाच्या बोळ्यात दोन मिली गेलं तर ते त्याच्यासाठी थोडं नाही. द्रवाचंही तसंच. पहिल्या दिवशी किलोला ८० मिली धरलं तर त्याला दिवसभरात ६४ मिली, तासाला २.७ मिलीच्या आसपास. एवढा मोजून जाणारा द्रव ठिबकत्या बाटलीवर सोडता येत नाही, सिरिंज पंपच हवा. फ्लशची, म्हणजे नळी मोकळी ठेवायला ढकललेल्या सलाईनची, अर्धी अर्धी मिलीही दिवसाच्या हिशोबात धरा.

तयारी

सगळं सामान आधी मांडा, मग इनक्युबेटरची खिडकी उघडा. २४ नंबरचा पिवळा कॅन्युला, फार बारीक शिरेसाठी २६ नंबरचा जांभळा, प्रत्येकी दोन. सलाईन भरून हवा काढलेली सिरिंज आणि छोटी एक्स्टेन्शन नळी, पारदर्शक चिकट ड्रेसिंग, कातडी जपणारी हायड्रोकोलॉइडची पट्टी, कापून ठेवलेल्या बारीक चिकटपट्ट्या, हात स्थिर ठेवायला कापडात गुंडाळलेली फळी, निर्जंतुक गॉज. हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, हे दोनदा बघा. नवजात बाळाच्या हृदयातल्या दोन वरच्या कप्प्यांमधली वाट अजून उघडी असू शकते. शिरेतून गेलेला बुडबुडा तिथून पलीकडे जाऊन मेंदूकडे पोचू शकतो.

बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ असायला हवं. आपल्याकडे पौष-माघातल्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि वॉर्डात हीटर असला तरी इनक्युबेटरची खिडकी वारंवार उघडली की बाळ पंधरा मिनिटांत गार पडतं. गार बाळाच्या शिरा आकसतात. टोचणी चुकते, वेळ जातो, बाळ अजून गार होतं. तापमान कमी असेल आणि लाईन तातडीची नसेल, तर आधी ऊब द्या. डोक्याला टोपी, जो हात वापरायचा तेवढाच उघडा. गरम पाण्याचा हातमोजा पायाला लावणं मात्र बंद. या कातडीला भाजायला फार उष्णता लागत नाही.

हात कोपरापर्यंत धुवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढलेलं असावं. नव्या नवरीच्या हातातला चुडा हा अवघड विषय आहे, मला ठाऊक आहे. सासूबाईंशी काय बोलायचं ते मी सांगते, तुम्ही चुडा काढून या.

बाळाच्या मनगटावर काळे मणी किंवा काळा दोरा बांधलेला असेल तर कात्री लावण्याआधी आईला किंवा आजीला सांगा. सोडवलेला दोरा छोट्या पिशवीत घालून त्यांच्या हातात द्या. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून आलेल्या बायांना आपली भाषा येत नाही, कधी हिंदीही जेमतेम येते. दोरा केराच्या डब्यात दिसला तर त्यांना काय वाटत असेल, याचा विचार करा.

दुखणं कमी करा

बाळ रडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं नाही. एवढ्या लहान बाळाला रडायचीही ताकद नसते. कपाळाला आठ्या, ताणून पसरलेली बोटं, वाढलेले ठोके, पडलेलं ऑक्सिजन हीच त्याची भाषा. टोचण्याआधी दोन मिनिटं आईच्या दुधाचे दोन-चार थेंब, किंवा डॉक्टरांनी लिहिलं असेल तर २४ टक्के सुक्रोजचे ०.१ ते ०.२ मिली, जिभेच्या टोकावर. दूध बंद ठेवलेलं असेल तर आधी विचारा. दुसऱ्या सिस्टरने बाळाचे हातपाय अलगद दुमडून, डोकं आणि पाय तळव्यात धरून ठेवावं, पोटात असताना जसं गोळा होऊन असतं तसं. माझ्या मते लाईन लावणारीइतकंच महत्त्व या धरणारीला आहे. घट्ट दाबून धरलेलं बाळ धडपडतं, गोळा करून धरलेलं शांत राहतं.

साखरेच्या थेंबाबद्दल एक सावधगिरी. काचेतून बघणाऱ्या आजीला वाटतं, रुग्णालयातच साखरपाणी देतात, मग आपणही घरून आणलेली घुटी चाटवायला हरकत काय. तिला तिथल्या तिथे समजावून सांगा.

शीर शोधणं

इथे वेळ घालवा. टोचणं दहा सेकंदांचं काम आहे, शोधायला पाच मिनिटं लागली तर लागू द्या. हाताच्या पाठीपासून सुरुवात करा, बोटांकडच्या बाजूने. वर चुकलं की खाली जाता येत नाही, कारण खालून दिलेला द्रव वरच्या भोकातून बाहेर झिरपतो. खालून वर जाता येतं.

रबरी पट्टा बांधू नका. आपल्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट बाळाच्या मनगटापाशी, अंगठा त्याच्या बोटांवर, आणि मनगट हलकेच खाली वाकवायचं. एवढ्यानेच शीर भरते, कातडीही ताणली जाते. कातडी जरा जास्त ताणली तर शीर सपाट होऊन नाहीशी होते. मग ढील द्या, ती परत येते.

थंड प्रकाशाचा एलईडी दिवा असेल तर वॉर्डातले दिवे मंद करून तो तळहाताखाली धरा. हात लाल कंदिलासारखा उजळतो आणि शीर त्यात काळ्या रेघेसारखी दिसते. फक्त हा दिवा थंड प्रकाशाचाच हवा. गरम होणाऱ्या दिव्यांनी बाळं भाजल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. मोबाईलचा फ्लॅश तर नकोच. तो गरम होतो, आणि दिवसभर कुणाकुणाच्या हातातून फिरलेला असतो.

डोक्यावरची शीर शेवटचा पर्याय. आधी बोट ठेवून ठोका लागतो का ते बघा. कानापुढे धमनी अगदी शिरेसारखी दिसते. सुईचं टोक हृदयाकडे, म्हणजे खालच्या दिशेने. आणि केस काढण्याआधी घरच्यांना विचारा. आपल्यात जावळ मुहूर्त बघून, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. लाईनसाठी दोन बोटं केस काढावे लागले तर ते कागदाच्या पुडीत घालून आईकडे द्या. एका बाईने ती पुडी पदराला बांधून ठेवली होती. बाळ घरी जाताना तिने ती मला उघडून दाखवली.

टोचणं

कातडी पुसा आणि सुकू द्या. तीस सेकंद पूर्ण मोजा. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बाळाची कातडी ओल्या कागदासारखी असते. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल तिथे भाजू शकतं, म्हणून त्यांच्यासाठी काय वापरायचं ते युनिटच्या प्रोटोकॉलमधून बघा. जे वापराल त्याचा ओघळ पाठीखाली साचू देऊ नका आणि सुकल्यावर निर्जंतुक पाण्याने पुसून घ्या. पोव्हिडोन आयोडीनही पुसायचंच, ते कातडीतून शोषलं जाऊन थायरॉइडवर परिणाम करतं.

सुई दहा ते पंधरा अंशांत, जवळपास आडवी. शीर कातडीच्या अगदी खाली असते. जिथे शीर दिसते त्याच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे कातडीत शिरा, मग हळूहळू पुढे. मोठ्या माणसात जाणवतो तो "टक" इथे जाणवेलच असं नाही. रक्तही लगेच दिसत नाही. म्हणून एक मिलिमीटर पुढे जा, थांबा, बघा. हे थांबणं नव्यांना जमत नाही आणि बहुतेक शिरा तिथेच फुटतात. रक्त वर चढलं की सुई आणखी मिलिमीटरभर आत, कारण सुईचं टोक शिरेत असतं पण प्लॅस्टिकची नळी अजून बाहेर असू शकते. मग सुई स्थिर ठेवून नळी पुढे सरकवा. एकदा मागे घेतलेली सुई नळीत परत कधीही ढकलायची नाही. नळीचं टोक कापून शिरेत वाहून जाऊ शकतं.

रक्त लालभडक, उसळून आलं आणि बोटं पांढरी पडली तर ती धमनी आहे. लगेच काढा, पाच मिनिटं दाबून धरा, डॉक्टरांना बोलवा.

आता ०.२ ते ०.५ मिली सलाईन अगदी हळू. डोळे सिरिंजवर नकोत, कातडीवर. फुगलं, पांढरं पडलं किंवा हाताला अडथळा जाणवला तर लाईन शिरेत नाही. जोर लावून ती शिरेत जात नाही.

दोन प्रयत्न झाले की बाजूला व्हा. आमच्या वॉर्डात हा नियम माझ्यासकट सगळ्यांना आहे. बाळाला विसावा द्या, तापमान बघा, दुसरीला बोलवा. तिच्याही दोन चुकल्या तर टोचणं थांबवून डॉक्टरांशी दुसऱ्या मार्गाबद्दल बोला.

पट्टी

पारदर्शक ड्रेसिंग कॅन्युलाच्या टोकावर यायला हवं, म्हणजे टोकाभोवतीची कातडी उघडी दिसत राहते. चिकटपट्टी थेट कातडीवर नको, आधी हायड्रोकोलॉइडचा तुकडा, त्यावर पट्टी. पट्टी हाताला वेटोळं घालून कधीच लावायची नाही. फळीला बांधलेल्या हाताची बोटं मोकळी आणि दिसती असावीत. काढताना पट्टी पाण्याने किंवा तेलाच्या थेंबाने भिजवून, कातडीला समांतर, सावकाश सोडवा. ओढली तर वरची कातडीच निघून येते.

दर तासाला

माझं सगळ्यात जास्त सांगणं इथे आहे, कारण माझ्या हातून झालेली चूकही इथलीच. नोकरीची सुरुवातीची वर्षं, दुसरं रुग्णालय, जानेवारीची रात्र. बाळाच्या पावलावर लाईन होती, त्यातून कॅल्शियम ग्लुकोनेट चाललं होतं. संध्याकाळी आजीने विणलेला लोकरीचा मोजा दिला आणि मी तो मायेने त्याच पायात घातला. पंप नीट चालू होता, अलार्म वाजला नाही. तीन तासांनी मोजा काढला तेव्हा पाऊल घट्ट सुजलेलं, मधोमध पांढरं. दोन दिवसांत तिथली कातडी काळी पडली. बाळ वाचलं, व्रण राहिला.

तासाला दोन-तीन मिली देणारा पंप शिरेबाहेर द्रव गेला तरी बराच वेळ ओरडत नाही. मऊ पेशीत त्याला अडथळाच जाणवत नाही. म्हणून दर तासाला बघा आणि बोट लावा. कॅल्शियम, डोपामिन, सोडाबायकार्ब, पोटॅशियम, टीपीएन, अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅन्कोमायसिन चालू असेल तर त्याहून वारंवार. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. सूज, घट्टपणा, गारवा, फिकेपणा, लाली, आणि हात लावताच बाळाचं कळवळणं. लाईनवर मोजा, चादर, गुंडाळलेलं कापड काहीही नको.

शिरेबाहेर गेलंच तर आधी पंप बंद. कॅन्युला लगेच उपटू नका. छोट्या सिरिंजने जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढा, पट्ट्या सैल करा, हात किंवा पाय उंच ठेवा, सुजेच्या कडेवर पेनाने रेघ मारून वेळ लिहा आणि डॉक्टरांना लगेच उठवा. काही औषधांच्या गळतीवर हायल्युरोनिडेज देतात, डोपामिनसारख्यांवर उतारा वेगळा असतो. दोन्हींना वेळेची घाई असते, आणि निवड डॉक्टरांची. चोळायचं नाही, शेकायचं नाही.

नाळ आणि पिक

या दोन्ही लाईन डॉक्टर घालतात, पण मदतीला तुम्हीच असता. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शीर मोठी, पातळ भिंतीची, सहसा बाराच्या काट्यावर. १५०० ग्रॅमच्या आत ३.५ फ्रेंचचा कॅथेटर (नळी) लागतो; फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप. लांबीचं एक प्रचलित गणित असं: किलोतल्या वजनाची तिप्पट अधिक नऊ, त्याची निम्मी, अधिक एक. ८०० ग्रॅमला ६.७ सेंटिमीटर, त्यात नाळेच्या खुंटाची लांबी वेगळी मिळवायची. टोक छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या किंचित वर, एक्स-रेत छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीवर यावं. यकृतात राहिलं तर तिथून घट्ट द्रव देणं धोक्याचं. लेबर रूमच्या सिस्टरशी ओळख ठेवा आणि सांगून ठेवा, लहान बाळाची नाळ फार आखूड कापू नका. बाहेरगावाहून आलेल्या बाळाच्या नाळेला हळद किंवा राख लावलेली असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. आणि लाईनचे सगळे जोड फिरकीचे, घट्ट. ढिला जोड झोपेतल्या बाळाचं रक्त आवाज न करता बाहेर काढतो.

पिक लाईन १ किंवा २ फ्रेंचची, केसासारखी. घालताना टोपी, मास्क, गाऊन, मोठी निर्जंतुक चादर सगळं. टोक हृदयाच्या बाहेर, मोठ्या शिरेत हवं. आत गेलं तर हृदयाभोवती द्रव साचून जीव जाऊ शकतो. पिक लावलेलं बाळ अचानक ढासळलं तर हे पहिल्यांदा मनात यायला हवं. एक्स-रे काढताना हात कसा ठेवला होता ते लिहा, कारण हात हलला की टोकही हलतं. फ्लशसाठी १० मिलीचीच सिरिंज. छोट्या सिरिंजने दाब वाढतो, नळी फुटते. १ फ्रेंचच्या लाईनमधून रक्त द्यायचं नाही, काढायचंही नाही. त्या हातावर बीपीचा पट्टा नको. जोडाला हात लावण्याआधी तो अल्कोहोलने पंधरा सेकंद घासा, प्रत्येक वेळी.

हँडओव्हर आणि काढणं

ड्यूटी बदलताना दोघींनी मिळून लाईन डोळ्यांनी बघावी. "लाईन ठीक है दीदी" हे इंदुरी वाक्य मी वहीत चालवून घेत नाही. कुठे लावली, कधी, कितवा प्रयत्न, काय चालू आहे, शेवटचं केव्हा पाहिलं, एवढं लिहिलेलं हवं. आणि रोज राउंडला एक प्रश्न तुम्ही विचारा, डॉक्टरांची वाट न बघता: "आज ही लाईन लागतेय का?" दूध वाढत जाऊन किलोला १२० मिलीच्या आसपास पोचलं की पिकची गरज बहुधा संपते. नाळेतली लाईन साधारण आठवड्याच्या आत काढायचा बेत असतो.

पिक काढताना थोडी थोडी, सावकाश ओढा. अडली तर जोर नको, थांबा, डॉक्टरांना सांगा. बाहेर आलेली नळी मोजपट्टीवर ठेवून घालतानाच्या नोंदीशी लांबी ताडा, टोक शाबूत आहे का बघा, वहीत लिहा. जागेवर गॉज धरून रक्त थांबू द्या.

मग आईला आत बोलवा. एका बाळाची पिक नेमकी त्याच्या बाराव्या दिवशी निघाली होती. घरी असतं तर बारसं झालं असतं. आईला कांगारूसाठी खुर्चीत बसवलं, बाळ छातीवर ठेवलं, आणि आतापर्यंत फळीला बांधलेला तो हात तिच्या बोटात दिला. तिने तो तळवा उलटा-सुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "सिस्टर, आता हा हात धुतला तर चालेल?" मी म्हटलं, उद्या सकाळी. आज जागा कोरडी राहू दे.